गुंगीचा बाजार

सर्दीने बेजार झालेले मूल रात्रभर रडते. सकाळी आईबापांना कामावर जायचे असते. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. औषधाचा दुकानदार चिठ्ठीवाचून एक गोड सिरप पुढे करतो. चमचाभर पाजताच मूल झोपी जाते. घरात त्याला आराम पडला असे मानतात. वस्तुतः ती क्लोरफेनिरामिनची गुंगी असते.

या अँटिहिस्टामिन वर्गातील औषधे अ‍ॅलर्जीवर गुणकारी आहेत, याविषयी वाद नाही. परंतु साधी सर्दी त्यांनी बरी होत नाही. ती आपल्या मुदतीनेच जाते. उलट लहान मुलाला मात्रा जास्त झाली तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते, लघवी अडते; भ्रम होतो, झटके येतात, प्रसंगी प्राणही जातो. अशा वेळी घरी ओकारी काढवू नये. बाटलीसह मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आईला दोष देणे सोपे आहे. पण घरातल्या चमच्याने मोजलेली ही मात्रा तिच्या हाती कोणी दिली? क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, हीच द्रव्ये असलेले ‘कोल्ड्रिफ’ पाजलेली वीसहून अधिक बालके दगावली. उपचारांसाठी नागपूरला आणलेल्यांपैकीही अनेक वाचली नाहीत. त्यांचा बळी अतिमात्रेने नव्हे, तर सिरपमधील डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने घेतला. तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मात्र ज्या औषधाची त्या वयाला गरजच नव्हती, त्याच्याच बाटलीतून ते विष घरात आले, हे विसरता येणार नाही.

अनावश्यक औषधाचा खप हा नफ्याचा मार्ग आहे, आणि त्याच मार्गाने भेसळही शिरते. आवश्यक औषधांवर भर द्या आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करा, असे हाथी समितीने १९७५ मध्येच सांगितले होते. पन्नास वर्षे उलटली. आदेश कागदावर राहतो तो अंमल करणारी यंत्रणा दुबळी ठेवली जाते म्हणून. पुरेसे औषध निरीक्षक, प्रत्येक घाऊक साठ्याची तपासणी, वस्तीपाशी सरकारी दवाखाना आणि आजारी मुलासाठी पगारी रजा, या मागण्या एकत्रच लढवल्या पाहिजेत. आईला उसंत मिळाली, तर मुलाला गुंगी द्यावी लागणार नाही.