गाडी मागे जाते कशी?

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. लोकलला परत फिरायचं असलं, की मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. तिला तोंडं दोन! मोटारीला मात्र एकच. म्हणून तिला रिव्हर्स गिअर.

एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं उलटसुलट फिरतात. मध्ये तिसरं चाक आलं, की शेवटच्या चाकाची दिशा बदलते. गिअरबॉक्समध्ये नेमकं हेच होतं. म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच रिव्हर्स टाकायचा. नाहीतर दाते खरडतात.

पण खरा धोका निराळाच. मागच्या काचेखालचं, जमिनीजवळचं चालकाला दिसत नाही. तिथे गोट्या खेळणारं पोर असलं तर? १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. तरी उतरून एकदा मागे पाहून यावंच. वांगणीत अनेक अंध कुटुंबं राहतात. पांढरी काठी आणि कान यांच्या भरवशावर ती रस्ता चालतात. तिथे तर चालकाचे डोळे दुप्पट उघडे हवेत!

मागचा पांढरा दिवा लागला, की समजा, गाडी मागे येणार. लगेच बाजूला व्हा. 'येऊ दे, येऊ दे' करणाऱ्यानेही गाडीच्या मागे नाही, बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहावं.

आता एक प्रयोग. अंगणातल्या बंद गाडीत बाबांना किंवा आईला चालकाच्या जागी बसवा. किल्ली तुमच्या खिशात! गाडीमागे चेंडू ठेवा आणि तो त्यांना दिसेपर्यंत मागे सरकवत न्या. किती पावलं झाली? तेवढ्या जागेत कधीच खेळायचं नाही.