भिंतीवरचा ठिपका

मैत्रिणींनो, ‘लग्नाआधी चित्रं काढायचे, आता काही सुचतच नाही हो,’ असं तुमच्यापैकी कितीजणी म्हणतात! चित्रकार सय्यद हैदर रझांनाही हे चुकलं नाही. १९५० साली ते पॅरिसला गेले, नाव झालं. पण १९७० नंतर स्वतःच्याच कामाचा कंटाळा आला. मग मध्य प्रदेशातली लहानपणची शाळा आठवली. पोराचं चित्त थाऱ्यावर नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे टक लावून बघायला बसवलं होतं. १९८० च्या सुमारास त्या ठिपक्याचाच ‘बिंदू’ झाला.

तेव्हा कॅलेंडरवरचे देखावे उतरवणं आता पुरे. त्याच कॅलेंडरची कोरी पाठ घ्या आणि आजोळचं माजघर, उखळ, चुलीजवळची मांजर, आठवेल तसं काढा. हात चार दिवस अडखळेल, अडखळू दे. रंग नाहीत? गेरू, हळद, काजळ घरात असतंच की!