पोहणं विसरत नाही, टँकवर जाणं राहून जातं

‘लहानपणी पोहायचो, नंतर सुटलं...’ असं म्हणणारे तुमच्या ग्रुपमध्ये किती आहेत, एकदा विचारून बघा. मे महिन्याच्या सुट्टीत बॅच लावलेली असते. आधी पाठीला डबा, मग डबा सुटतो, मग सूर आणि मुटके. डोळे लाल झाले तरी पाण्याबाहेर यायचं नसतं. पुढे नववी-दहावीचे क्लास सुरू होतात, कॉश्च्यूम आखूड होतो आणि टँकचा पास पुन्हा काढलाच जात नाही. त्यानंतर बारावी, सीईटी, सबमिशन. पोहणं नक्की कधी बंद झालं, हे आठवतही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की परत जा.

विश्रांतवाडीकरांनो, तुम्ही तर जाच. आपल्या नावात विश्रांती आहे, पण आळंदी रस्त्यावरच्या गर्दीत ती कुणाला मिळते? कळसच्या बाजूने मुळा वाहते. आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण नदीत आणि विहिरीत पोहायला शिकले. आज मुळेत पाय बुडवायचीही इच्छा होत नाही. नदी शेजारी असून पोहायचं तर पैसे भरून, वेळ ठरवून टँक गाठावा लागतो. त्यामुळे धावपळ वाढली की पहिली काट पोहण्यावर बसते.

दिलासा एवढाच, की शिकलेलं पोहणं सहसा पुसलं जात नाही. सायकलसारखंच ते अंगात मुरलेलं असतं. दम मात्र राहत नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच धाप लागेल, शेजारून दहा वर्षांचं पोर सुळकन पुढे जाईल. जाऊ दे. दोन-तीन आठवड्यांत श्वासाची लय सापडायला लागते.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण बघा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिक, २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ. पुढे तो तहसीलदार झाला आणि नोकरीत काही वर्षं नियमित सराव मागे पडला. तो पुन्हा पाण्यात उतरला. २०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने स्वतःचाच जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत ब्राँझ हुकलं, ते अवघ्या ०.०१ सेकंदाने.

त्याच्यासमोर घड्याळ होतं. तुमच्यासमोर नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. सीजीपीए, पर्सेंटाइल, फॉलोअर्स, रोजची स्टेप्स... आपलं सगळंच कुणीतरी मोजत असतं. पाण्यात फोन नाही, नोटिफिकेशन नाही. पाठीवर पडून आभाळ बघत राहिलात, तर त्याचे मार्क कुणी देत नाही आणि कापतही नाही.

मुलींचं पोहणं सुटण्याची कारणं आणखी वेगळी. वयात आल्यावर कपड्यांबद्दलची कुजबुज, काठावरच्या नजरा, घरातलं ‘आता पुरे’. महिलांची बॅच नेमकी लेक्चरच्या वेळेत असेल, तर चार-पाच जणींनी मिळून वेळ बदलून मागा. एकटीचं म्हणणं टाळता येतं, पाच जणींच्या सह्यांचा अर्ज टाळणं अवघड जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘मला येतं की पोहायला’ म्हणत ट्रिपला गेल्यावर धरणात किंवा खदाणीत उतरू नका. हातपाय मारणं आठवतं, पण तेवढा दम आता उरलेला नसतो. सुरुवात जीवरक्षक असलेल्या टँकवरच करा. आधी उथळ बाजूला.

नवा कॉश्च्यूम, टोपी, गॉगल घ्या आणि सोबत एक मित्र किंवा मैत्रीण. पहिल्या दिवशी एकच फेरी झाली तरी चालेल. बाहेर आल्यावर जी भूक लागते ना, तिच्यासाठी तरी जा!