बॅटरी लिहू नका साहेब

तर झालं असं, की बंगलोरला शिफ्ट झालेल्या मित्राची लॅपटॉपची नवी बॅटरी चुकून माझ्या पुण्याच्या पत्त्यावर आली. ती घेऊन कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे गेलो. फॉर्मवर 'बॅटरी' लिहायला घेतलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बॅटरी लिहू नका साहेब, माल परत येईल. कॉम्प्युटर पार्ट लिहा." लिहिलं. सही ठोकली. पाच मिनिटांत मोकळा.

म्हणजे आता ज्यांच्या नावाने शंख करणार आहे, त्यात पहिला नंबर माझा.

ऑफिसात लंचला हे सांगितलं तर सगळ्यांचं एकच, "अरे काही होत नाही रे. नियम करणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत." युजरने तारखेच्या जागी नाव टाकलं की दिवसभर त्याचा उद्धार करणारी हीच मंडळी!

काही होत नाही? ३ सप्टेंबर २०१०. यूपीएसचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून कोलोनला निघालं. साधारण २२ मिनिटांनी आगीचा इशारा वाजला. वैमानिकांनी विमान परत वळवलं, पण कॉकपिटमध्ये इतका धूर, की समोरचे आकडे दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, तो जागेवरून उठला, तो परत आलाच नाही. उरलेला एकटा फर्स्ट ऑफिसर रेडिओवरून विचारत राहिला, माझी उंची किती, माझा वेग किती. दोघेही गेले. तपासात निघालं, की आग बहुधा लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातून लागली. विमानातली बॅटऱ्यांची निदान तीन कन्साइनमेंट्स धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हवी होती. केलेली नव्हती. मालाच्या कागदांवर सगळं कसं स्वच्छ!

लिथियम-आयनचा एक सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. विमानातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण ही आतली उष्णता थांबवत नाही. म्हणून तर २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला बंदी आहे. मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको. बाबूगिरी नाही ही. चार्ज कमी तर आगीला ऊर्जा कमी, बारावीचं फिजिक्स आहे.

त्या काउंटरवरच्या पोराला तरी काय बोलणार? त्याला ट्रेनिंग कोण देतंय? पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात निषिद्ध वस्तूंची यादी छापली की कंपनीचे हात वर. पण पोराला माहीत नव्हतं, मला होतं. इंजिनियरिंगची डिग्री माझी, खोटं लिहिणारा हात माझा. आणि आपल्याकडचं कुरिअर कितीदा तरी प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातं. वर दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असतात, आणि स्कॅनिंगच्या आधी माल कसला हे सांगणारा कागद एकच, मी भरलेला.

खरं लिहून 'रस्त्याने पाठवा' म्हटलं असतं तर काय झालं असतं? तीन-चार दिवस जास्त लागले असते. मित्राला घाई नव्हतीच, जुनी बॅटरी तासभर तरी चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याचा मेसेज आला, "मिळाली रे. भारीच फास्ट आहे तुझा कुरिअरवाला."