शर्यत गेली, रस्ता राहिला. आता गावाने काय करायचं?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची सायकल शर्यत भोर, पुरंदरच्या डोंगररस्त्यांवरून गेली. शर्यतवाले गावात थांबत नाहीत. गावात पैसा सोडतो तो मागे पिशव्या बांधून सावकाश फिरणारा सायकलवाला. मोटारवाले भोरहून वरंध घाटाकडे सुसाट निघून जातात. सायकलवाल्याला नीरा देवघरच्या काठाने जाताना चहा, पिठलं-भाकरी अन् रात्रीचा मुक्काम लागतोच. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार नोंदणी करून शेतकऱ्याला शेतावर पाहुणे ठेवता येतात. पण स्वच्छ संडास, पंक्चरचं सामान अन् भरलेल्या साईडपट्ट्या नसतील तर तो थांबायचा नाही. पावसाळ्यात घाट अनेकदा बंद, उन्हाळ्यात ऊन. म्हणजे धंदा दिवाळी ते होळी. तेवढ्यासाठी कर्ज काढू नये, आहे त्या पडवीतच सुरुवात करावी.