गॅसची गोळी

तासगावात माझं औषधांचं दुकान आहे, 27 वर्षं झाली. काउंटरवर सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं म्हणाल तर, "छातीत जरा गॅस धरलाय, कायतरी द्या." मीही मुकाट काढून देत आलो.

गॅस हा आपला लाडका आजार. हार्ट म्हटलं की मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, द्राक्षाची छाटणी, सगळं एकदम समोर उभं राहतं. गॅसला एक गोळी पुरते. म्हणून माणूस कळ सोसतो आणि तिला गॅस म्हणतो.

मी स्वतः 2019 पासून अंजायनाचा पेशंट. दुखणं अंगवळणी पडलं होतं. सलाइनचं खोकं घेऊन माळ्यावर चढलो की छातीच्या मधोमध कुणी गुडघा रोवल्यागत दाबायचं, खाली टेकलो की चार-पाच मिनिटांत सोडायचं. जिभेखालची गोळी वर्षाकाठी दोन-तीनदा लागायची. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "असंच येतंय तोवर औषधं घ्या आणि वेळेवर दाखवायला या. त्यानं सवय बदलली, की मला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा."

गेल्या थंडीत त्यानं सवय बदलली. आठवडाभर निम्म्या जिन्यातच दाबायला लागलं. खरं तर तेव्हाच जायला हवं होतं. मी थंडीवर ढकललं. मग एका सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या, हातात बिलबुकाशिवाय काही नसताना आलं. डाव्या जबड्यापर्यंत चढलं, वाटलं दाढच ठणकतेय. शर्ट घामानं पाठीला चिकटला. आणि आयुष्यभर औषधं विकलेल्या या शहाण्यानं काय केलं? मागच्या फळीवरची अ‍ॅसिडिटीची गोळी काढून खाल्ली. त्यात 20 मिनिटं गेली.

दुकानातला पोरगा बारावी पास. "मालक, आरशात तोंड बघा तुमचं," म्हणाला आणि त्यानं 108 लावला. नाहीतर आमच्याकडची रीत म्हणजे पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मधे कोंबायचं आणि धाडायचं.

मिरजेला पोचलो तर पहिला ईसीजी जवळजवळ साफ. मी चपला शोधायला लागलो. नर्सबाईंनी दटावून झोपवलं. रक्तातलं ट्रोपोनिन बघितलं, थोड्या वेळानं दुसरा ईसीजी काढला, त्यात सापडलं. त्याच दिवशी स्टेंट बसला. पहिला कागद चांगला आला म्हणून खुशीत घरी गेलेली माणसं मी पाहिलीत.

म्हणून माझ्या धंदेवाल्यांना सांगणं आहे: गॅसची गोळी देण्याआधी तोंड उघडा. चालताना वाढतं का, घाम फुटलाय का, हातात-जबड्यात उतरतंय का, विचारा. 'नाही' आलं तरी निर्धास्त होऊ नका; साखरवाल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळाल्यासारखं होतं. गोळीनं ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता, असंही नसतं. आणि शेजाऱ्याच्या डबीतली सॉर्बिट्रेट उगाच कुणाच्या जिभेखाली सारू नका. प्रेशर उतरून उभा माणूस कोसळतो. त्यातून पुरुषांची 'ती' गोळी घेतली असेल तर जिवावर बेततं, आणि ती घेतल्याचं बायकोसमोर कोण कबूल करणार?

परवा पन्नाशीचे एक गृहस्थ आले. मूठ छातीवर, कपाळ ओलं. गॅसची गोळी मागितली. मी म्हटलं, "बसा आधी, गाडी बोलावतो." ते चिडले, "गोळी द्यायची तर द्या, डॉक्टरकी नको." मी दिली नाही. पोरगा मागं धावला, हात धरला, तो झटकून ते रस्ता ओलांडून गेले.

समोरच्या दुकानात मिळाली त्यांना.