म्हणे हौसेचं फळ!

स्तनातल्या इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला म्हटलं की आपल्या बोळिंजमध्ये पहिली प्रतिक्रिया, "हौसेचं फळ, दुसरं काय!"

अहो, कसली हौस? कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बायकाही इम्प्लांट बसवून घेतात. विरार लोकल पकडून परळच्या टाटाला जाणाऱ्या बायका आपल्यातल्याच ना?

आणि जंतू तरी कुठला? बऱ्याचदा आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मुक्कामाला असलेला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस! तो सिलिकॉनला चिकटतो आणि स्वतःभोवती थर धरतो, बायोफिल्म. पाण्याच्या टाकीला आतून येते तशी बुळबुळ. अँटिबायोटिक्सना ती सहसा दाद देत नाही. इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जाऊन स्तन कडक होतो, त्यामागेही बायोफिल्मचा हात मानतात. खरखरीत पृष्ठभागावर तर जंतूंना जागाच जागा... आणि तो खरखरीतपणा कंपन्यांनीच दिलेला, इम्प्लांट सरकू नये म्हणून! ॲलर्गनने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांट्स जुलै २०१९ मध्ये जगभरच्या बाजारातून परत मागवली, एका दुर्मिळ लिम्फोमाशी संबंध दिसला म्हणून. (त्यातही जंतूंचा वाटा असावा असा संशय आहे, सिद्ध झालेलं नाही.)

तेव्हा बाईच्या हौसेची चौकशी पुरे. इम्प्लांटची कंपनी, पृष्ठभागाचा प्रकार, लॉट नंबर तिच्या डिस्चार्जच्या कागदांत आहे का, ते बघा. नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर उद्या आणखी एखादा माल परत मागवला, तर तो आपल्याच अंगात आहे हे तिला कळणार कसं?